मूल बोलत नाही, मूल ऐकत नाही : तपासणीला खर्च किती?

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आई-वडिलांना पहिला आकडा सांगायचा तो शून्याचा. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचं बोलणं, वागणं, समज आणि मन यांची पहिली तपासणी करून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. अंगणवाडीत लागत नाही, फिरत्या आरोग्य पथकाकडे लागत नाही, आणि आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रातही लागत नाही.

तरीही पैसे जातात, आणि बहुतेक वेळा उलट्या क्रमाने जातात. मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हणून घर घाबरतं. कुणीतरी हैदराबादचं नाव सुचवतं, कुणी नागपूरचं. उसनवारी करून गाडी ठरते, मेंदूचा स्कॅन होतो, टॉनिकच्या बाटल्या येतात. स्कॅन नॉर्मल येतो आणि मूल होतं तसंच राहतं. खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. आठवड्यातून दोन-तीनदा थेरपी लागते, तीही महिनोन्‌महिने, आणि तेव्हा हात रिकामा असतो. म्हणून या लेखात दरांइतकाच क्रमावर भर आहे. जे फुकट मिळतं ते आधी पूर्ण वसूल करा, पैसा नंतरच्या लांब वाटेसाठी राखून ठेवा.

काळजी कधी करायची

मुलं हट्टी असतातच. दोन-तीन वर्षांचं मूल बाजारात लोळण घेतं, त्याला तपासणी लागत नाही. मात्र काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायचं नाही. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही. दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडून बोलत नाही. आणि सगळ्यांत गंभीर खूण म्हणजे येत असलेलं हरवणं. बोलत होतं ते थांबलं, हसत होतं ते थांबलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांत खुणा वेगळ्या दिसतात. रोज कुणाला तरी चावणं, मारणं, स्वतःचं डोकं आपटणं. आईपासून क्षणभरही दूर न होणं. झोपेतून दचकून उठणं. खेळण्यातला रस निघून जाणं. घरात एखादी मोठी घटना घडल्यावर, म्हणजे मृत्यू, भांडणं, वडिलांचं दारूत बुडणं किंवा कर्जापायी जीव देणं, मूल गप्प होणं. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा आहे आणि कर्जाने उद्ध्वस्त झालेली घरं इथे कमी नाहीत. अशा घरातल्या लेकराकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण सगळे मोठ्यांना सावरत असतात. 'लहान आहे, त्याला काय कळतंय' हे वाक्य खरं नाही. त्याला कळतं, सांगता येत नाही एवढंच.

कसोटी म्हणून तीन प्रश्न पुरतात. हे किती आठवड्यांपासून चाललं आहे? घरी, अंगणवाडीत आणि मामाच्या गावी, सगळीकडे असंच आहे का? त्यामुळे मुलाचं जेवण, झोप, खेळ किंवा शिकणं अडतं आहे का? तिन्हींची उत्तरं काळजीची असतील तर तपासणी करायची. 'बापही उशिराच बोलला होता' या दाखल्यावर थांबू नका. बापाची तपासणी कुणी केली नव्हती, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हे दुर्मीळ दुखणं नाही. देशातल्या पाच ठिकाणी केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन ते नऊ वर्षांच्या साधारण आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या वाढीशी संबंधित नऊपैकी निदान एक अडचण आढळली. ऐकू न येणं, फिट येणं, बोलण्यातला विलंब, स्वमग्नता, अतिचंचलता हे सगळं त्यात धरलेलं होतं. त्या पाच ठिकाणांपैकी एक हैदराबाद होतं आणि एक उत्तर गोवा. तुमच्या अंगणवाडीत वीस मुलं बसत असतील तर या हिशेबाने त्यातल्या दोघातिघांना मदतीची गरज असू शकते.

पहिली पायरी : अंगणवाडी आणि आरबीएसकेची गाडी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस प्रकारच्या आजार-व्यंगांसाठी तपासणी आणि पुढचा उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा, त्यात मोफत आहे. वाढीतला विलंब, स्वमग्नता, अतिचंचलता आणि शिकण्यातली अडचण या गोष्टी त्या यादीत आहेत. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा यायचं असतं.

इथे एक मोठी फट आहे. आदिलाबाद शहरात, इच्चोड्यात, उटनूरमध्ये कितीतरी पालक पोटाला चिमटा घेऊन तीन-चार वर्षांचं पोर खासगी इंग्रजी शाळेच्या नर्सरीत घालतात. ते मूल अंगणवाडीच्या पटावर नसतं, आणि खासगी शाळेत आरबीएसकेचं पथक जात नाही. म्हणजे फी भरणाऱ्याच्या मुलाची मोफत तपासणी हुकते, आणि ती हुकली हे त्याला कळतही नाही. तुमचं मूल खासगी शाळेत असेल तर गावातल्या अंगणवाडी टीचरकडे किंवा आशाताईकडे स्वतः जा, पथक कोणत्या दिवशी येणार ते विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन या. तेही जमलं नाही तर थेट रिम्सला नेता येतं.

पथक येतं तेव्हा घाई असते. एका दिवसात अनेक मुलांची उंची, वजन, दात, डोळे बघायचे असतात. वागण्याचा प्रश्न पाच मिनिटांच्या नजरेत दिसत नाही, त्यातून मूल अनोळखी माणसासमोर बिथरलेलं असतं. म्हणून आईने किंवा आजीने त्या दिवशी हजर राहावं आणि आपणहून सांगावं : 'डॉक्टर, हा नावाला ओ देत नाही.' 'ही रात्री तीनदा ओरडत उठते.' घरातला एक-दोन मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तर फार उपयोग होतो. आक्रस्ताळेपणा सुरू असतानाचा आणि मूल शांतपणे खेळतानाचा, दोन्ही घ्या. याला खर्च नाही आणि हैदराबादच्या तज्ज्ञापर्यंत तोच व्हिडिओ कामाला येतो.

गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. कोणत्या महिन्यात मुलाला काय यायला हवं हे त्यात चित्रांसह दिलेलं आहे. तेलुगू वाचता येत नसेल तर चित्रं पुरेशी बोलकी आहेत, नाहीतर अंगणवाडी टीचरकडून समजून घ्या. दिव्यांग बालकांची लक्षणं लवकर ओळखून पुढे पाठवण्याची ठरलेली कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाड्यांसाठी आणली आहे. त्यामुळे 'हे आमचं काम नाही' असं उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका.

घरी भरायची प्रश्नावली

सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर नावाची वीस प्रश्नांची यादी जगभर वापरतात. ती विनामूल्य आहे. होय-नाही एवढीच उत्तरं द्यायची. काळजीच्या उत्तरांना गुण असतात. शून्य ते दोन आले तर धोका कमी, तीन ते सात मध्यम, आठ किंवा जास्त आले तर विलंब न लावता तज्ज्ञाकडे. चोवीस महिन्यांच्या आत भरली असेल आणि गुण कमी आले असतील तरी दोन वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा भरायची.

या यादीसाठी कुणी पाचशे-हजार रुपये मागत असेल तर तो कागदाचे पैसे घेतो आहे असं समजा. उत्तरांवर बसून बोलण्याचे पैसे घेणं वेगळं, ते रास्त आहे.

आणखी एक गोष्ट मनावर ठसवून घ्यायला हवी. चाळणी म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत सोळा हजारांवर बालकांवर ही प्रश्नावली पारखली गेली तेव्हा पुढच्या फेरीतही काळजीचे गुण आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच स्वमग्नता निघाली. पण त्यातल्या बहुतेकांना वाढीतला कुठला ना कुठला विलंब होताच. अर्थ सरळ आहे. गुण जास्त आले म्हणून रडत बसायचं नाही, आणि 'चाचणी चुकते' म्हणून घरीही बसायचं नाही.

रिम्स : जिल्ह्यातलं मोफत केंद्र

राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे आपलं रिम्स, २००८ पासून आदिलाबादला आहे. तिथे बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. आरबीएसकेचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रही, ज्याला सगळे 'डीईआयसी' म्हणतात, रिम्सशीच जोडलेलं आहे. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नेत्रतपासनीस आणि विशेष शिक्षक असावेत असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. लिहिलेलं पद आणि भरलेलं पद यात फरक असतो. म्हणून निघण्याआधी आशाताईंना किंवा एएनएम सिस्टरला फोन लावायला सांगून विचारून घ्या की मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात आणि श्रवणचाचणीचं यंत्र चालू आहे का. हा एक फोन तुमची एक अख्खी मजुरी वाचवतो.

कारण सरकारी मार्गावरचा खरा खर्च हाच आहे. केसपेपर आणि तपासणीला पैसे पडत नाहीत, पण बेला किंवा नारनूरहून येणाऱ्याचा दिवस मोडतो. कापूस वेचणीच्या हंगामात तो दिवस महाग पडतो. प्रवासाचं सांगायचं तर ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेखाली महिला आणि मुलींना आरटीसीच्या पल्ले वेलुगू आणि एक्स्प्रेस गाड्यांत राज्याच्या हद्दीत तिकीट लागत नाही. आधार कार्ड जवळ हवं. आई आणि आजी मुलाला घेऊन गेल्या तर प्रवास जवळजवळ फुकट होतो. पण जमेल तेव्हा वडिलांनीही जावं, निदान पहिल्या भेटीला तरी. दोघांनी ऐकलेलं असलं म्हणजे घरी येऊन 'डॉक्टर असं म्हणालेच नाहीत' हा वाद होत नाही.

रिम्समध्ये पहिल्यांदा काय मागायचं? श्रवणचाचणी. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची ती आधी व्हायला हवी. टाळी वाजवली आणि मूल वळलं म्हणजे ऐकू येतं असं ठरत नाही. काही मुलांना मोठे आवाज कळतात पण बोलण्यातले बारीक ध्वनी कळत नाहीत. त्यानंतर डोळे, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. लोहाची कमतरता असलेलं मूल चिडचिडं, सुस्त आणि लक्ष न देणारं होतं. आदिवासी भागात सिकलसेलचीही चाचणी करून घ्या, कारण हातपाय दुखत असलेलं दोन वर्षांचं पोर 'दुखतंय' म्हणत नाही, ते रडतं आणि मारतं. यातलं काही निघालं तर इलाज स्वस्त आणि सरळ असतो.

भाषेचं आधी सांगा

माझ्या मते या जिल्ह्यातल्या मराठी घरांनी सर्वांत जास्त जपायचा मुद्दा हा आहे. बेला, जैनाथ, तांसी, तलमडुगू, भीमपूर या पट्ट्यात घरात मराठी चालते. डोंगरातल्या गोंड आणि कोलाम घरांत गोंडी, कोलामी आणि तिच्या जोडीला मराठी. दवाखान्यात तेलुगू, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. आता तीन वर्षांच्या मुलाला तेलुगूत विचारलं, 'बंती ऎक्कड?' आणि ते गप्प बसलं, तर कागदावर 'सूचना समजत नाही' असं लिहिलं जाऊ शकतं. त्यालाच 'चेंडू कुठाय?' विचारलं असतं तर त्याने बोट दाखवलं असतं.

म्हणून खोलीत शिरल्याबरोबर पहिलं वाक्य हेच : 'आमच्या घरात मराठी बोलतात. प्रश्न मराठीत विचारा, किंवा मी विचारते आणि तुम्ही बघा.' आणि अहवालावर चाचणी कोणत्या भाषेत घेतली ते लिहून मागा. हा हट्ट नव्हे, चाचणी नीट होण्याची ती अट आहे. बुद्ध्यांकासाठी आजही काही ठिकाणी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी तर व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठीच बसवली होती. ती आता फार जुनी झाली आहे, पण मुलाला त्याच्या भाषेत तपासायचं हा विचार आपल्याकडे तेव्हापासून आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलतं, हा समज चुकीचा आहे. सगळ्या भाषांतले मिळून शब्द मोजायचे असतात. मराठी 'आई', तेलुगू 'नीळ्ळु' आणि हिंदी 'बस', हे तीन शब्द झाले. सगळे मिळूनही शब्द नसतील तर दोष भाषांच्या गर्दीवर टाकून वाट बघू नका. आणि कुणी 'घरात मराठी बंद करा, इंग्रजीच बोला' असा सल्ला दिला तर तो पाळू नका. आई ज्या भाषेत लाड करते, रागावते, गोष्ट सांगते, त्या भाषेतच लेकराचं बोलणं आधी फुलतं.

रिम्सच्या पलीकडे

पुढे जायची वेळ आली तर सिकंदराबादच्या बोवेनपल्लीत मनोविकासनगर आहे. तिथे एनआयईपीआयडी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था १९८४ पासून चालते. स्वमग्नता मोजण्याची चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी, आयएसएए, तिथेच तयार झाली आणि सरकारी प्रमाणपत्रासाठी तीच वापरतात. शुल्क नाममात्र आहे आणि कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत मिळते, म्हणून उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड बरोबर न्या. हैदराबादेतच लहान मुलांसाठी निलोफर रुग्णालय आणि मानसोपचारासाठी एर्रागड्ड्याची सरकारी संस्था आहे. आदिलाबादहून हैदराबाद रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर. कृष्णा एक्स्प्रेस सिकंदराबादला जाते आणि पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. दोन माणसांचं जाणं-येणं, एक-दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण धरून तीन ते पाच हजार रुपये बाजूला काढून निघावं.

मराठीत तपासणी हवी असेल तर महाराष्ट्राकडे बघा. नागपूरचं एम्स आणि मेडिकल, यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या सगळ्या ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर स्वस्त आहे आणि डॉक्टर तुमच्या भाषेत बोलतील. नागपूर रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास. एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. निदानासाठी नागपूर आणि दाखल्यांसाठी आदिलाबाद, अशी विभागणी मला सीमेवरच्या घरांसाठी शहाणपणाची वाटते, कारण पेन्शन आणि शाळेच्या सवलती राहत्या राज्यातूनच मिळतात.

खासगीचे दर

हे ढोबळ दर आहेत, डॉक्टरनुसार आणि गावानुसार बदलतात. आदिलाबादेत बालरोगतज्ज्ञाची फी तीनशे ते पाचशेच्या घरात असते. हैदराबाद किंवा नागपूरला विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ सातशे ते दीड हजार घेतात. मानसशास्त्रज्ञाकडची सविस्तर तपासणी दोन ते सहा हजार, खासगीत बेरा ही श्रवणचाचणी दीड ते तीन हजार. लेखी अहवाल या रकमेत धरला आहे का हे आधी विचारा. पुष्कळदा तो वेगळा लावतात, आणि अहवालाशिवाय तपासणीचा पुढे उपयोग होत नाही.

थेरपीचा एक तास म्हणजे बहुधा पंचेचाळीस मिनिटं, चारशे ते हजार रुपये. पाचशे धरले आणि आठवड्यातून तीनदा गेलं तर महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. तेही भाडं आणि प्रवास सोडून. सालगड्याच्या किंवा पाच एकर कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घराला हे पेलणारं नाही, आणि ते पेलायची गरजही नाही. थेरपिस्टला स्पष्ट सांगा : 'आम्ही महिन्यातून एकदाच येऊ शकतो. आम्हाला शिकवा, घरी आम्ही करू.' चांगला थेरपिस्ट यावर चिडत नाही. लहान वयात पालकांनी शिकून रोज घरी करून घेणं हाच उपचाराचा गाभा असतो. सहा वर्षांखालच्या अतिचंचल मुलांसाठीसुद्धा औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण करावं, असंच बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मंडलातल्या भविता केंद्रात समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात, तिथेही पैसे लागत नाहीत.

पैसे देण्याआधी मानसशास्त्रज्ञ आणि वाचातज्ज्ञ यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच नको. 'काउन्सेलर', 'चाइल्ड एक्स्पर्ट', 'ब्रेन ट्रेनर' अशा पाट्या लावायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

जिथे पैसे देऊ नका

स्वमग्नतेवर 'स्टेम सेल' टोचून मूल बरं करतो असं सांगणारे लाखो रुपये घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं की हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारसयोग्य नाही आणि तो करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. जमीन गहाण टाकून या वाटेला गेलेल्या घरांबद्दल वाचताना जीव तुटतो, म्हणून हे ठासून लिहितो आहे.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्राचा आधार नाही. फिट येत नसेल, मूल येत असलेलं विसरत नसेल, डॉक्टरांना तपासताना मेंदूच्या विकाराची खूण दिसली नसेल, तर केवळ बोलत नाही म्हणून एमआरआय किंवा ईईजी लागत नाही. डॉक्टरांना विचारा : 'या तपासणीने उपचार बदलणार आहे का?' पाच वर्षांच्या मुलाची 'लर्निंग डिसॅबिलिटी'ची चाचणी करून घेऊ नका. ते निदान साधारण आठ वर्षांनंतरच धरलं जातं. सहा महिन्यांच्या थेरपीचे पैसे एकदम भरून 'पॅकेज' घेऊ नका, महिन्याचे महिन्याला द्या आणि पावती मागा.

देवऋषीकडे जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. आई घाबरलेली असते आणि तो तिच्या गावात, तिच्या भाषेत बोलणारा माणूस असतो. नवस बोला, पण मुलाला डागणं, उपाशी ठेवणं, बांधणं हे कुणालाही करू देऊ नका, आणि त्यापायी दवाखान्याची तारीख चुकवू नका.

एक उपाय असा आहे की त्यात पैसे वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल-टीव्ही मुळीच नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. मोबाइल काढून घेतल्याने स्वमग्नता जात नाही. पण जे मूल दिवसभर पडद्यासमोर असल्यामुळे मागे पडलं आहे ते घरच्यांच्या बोलण्या-खेळण्याने महिन्या-दोन महिन्यांत सुधारताना दिसू शकतं. तपासणीची तारीख मिळेपर्यंत एवढं तरी सुरू करा.

निदान झाल्यावर काय मिळतं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. अतिचंचलता एकटी असेल तर ती नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे खेटे वाचतात. प्रमाणपत्रासाठी मी-सेवा केंद्रातून किंवा यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. लहान मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं आणि नंतर पुन्हा तपासणी होते. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडेही.

चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर तेलंगणाची दिव्यांग पेन्शन आहे, जुलै २०२३ मध्ये ती महिना ४,०१६ रुपये झाली. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण मिळतं, आणि त्यात मर्यादेत थेरपीचाही खर्च निघतो. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० आणि इतरांना ५०० रुपयांत होत आली आहे. आरोग्यश्री मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, थेरपीच्या फेऱ्या तिच्यावर धरू नका. बौद्धिक दिव्यांग मुलाला आणि सोबत जाणाऱ्याला रेल्वेच्या स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत असते. नोकरदार पालकांना जुन्या करपद्धतीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगता ऐंशी टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. 'आमच्याकडे असलं मूल घेत नाही' असं मान्यताप्राप्त शाळेला म्हणता येत नाही. म्हटलंच तर लेखी मागा.

आईचीही चौकशी करा. जिचं मन महिनोन्‌महिने बुडालेलं आहे तिच्याकडून रोजची थेरपी होत नाही, आणि तिच्यावर उपचार झाले तर मुलाच्या वागण्यात फरक पडतो. रिम्सच्या मानसोपचार विभागात तिच्या नावाचाही केसपेपर काढा.

आज, घरबसल्या, करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावणं. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि सेवा वीस भाषांत आहे. फोन उचलल्याबरोबर 'मराठीत बोलायचं आहे' असं सांगा. मुलाला कुणी मारहाण किंवा छळ करत असेल तर १०९८. आणि उद्या अंगणवाडीत जाऊन एवढं विचारा : आरबीएसकेची गाडी आपल्या गावात कोणत्या तारखेला येणार आहे?